रोमचा पँथिऑन ब्लेंडरमध्ये उभा करताना

प्रश्न थोडक्यात असा: आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने पोर्टफोलिओसाठी रोममधला पँथिऑन, म्हणजे तिथलं प्राचीन घुमटाचं देऊळ, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवला आहे. शीर्षक दिलंय ‘सम्राट हेड्रियनच्या काळातला पँथिऑन, इ.स. १२६’. मॉडेल पूर्ण आहे, टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं, फोर-के आहेत, तरी रेंडर, म्हणजे मॉडेलवरून निघालेलं चित्र, प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसतो. ‘अजून डिटेल कुठे घालू?’ असं विचारून तिने बाहेरचे दोन आणि आतले दोन रेंडर जोडले आहेत.

सध्या कुठेच घालू नका. चारही रेंडर मोठे करून पाहिले. डिटेल भरपूर आहे, काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्तच आहे. तुमच्या मॉडेलची दुखणी दोन आहेत आणि ती वेगवेगळी आहेत. ते खोटं दिसतं, याचं कारण मापं आणि प्रकाश. आणि ते खोटं आहे, कारण त्यात चार-पाच शतकं एकत्र झाली आहेत. पहिलं दुखणं कुणाच्याही डोळ्याला खुपतं. दुसरं फक्त जाणकाराला दिसतं, पण पोर्टफोलिओ बघायला बसतो तो जाणकारच. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचा निकाल लागल्याशिवाय मॉडेलिंगची कुठली फाइल उघडायची हेच ठरत नाही.

इ.स. १२६ म्हणायचं असेल तर पँथिऑनवरून बरंच काही उतरवावं लागतं. पहिला पँथिऑन सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याने इ.स.पू. २७ ते २५ च्या सुमारास बांधला. तो ८० साली जळाला, सम्राट डोमिशियनने पुन्हा उभा केला, तो ११० साली वीज पडून पुन्हा जळाला. आज उभी आहे ती इमारत विटांवरच्या शिक्क्यांवरून पाहता सम्राट ट्राजनच्या अखेरच्या वर्षांत सुरू होऊन हेड्रियनच्या काळात पुरी झाली. हेड्रियनने दर्शनी पट्टीवर नाव मात्र अग्रिप्पाचंच ठेवलं: ‘लुकिउसपुत्र मार्कुस अग्रिप्पाने तिसऱ्यांदा कॉन्सल असताना हे बांधलं’ (कॉन्सल म्हणजे रोमन राज्यातलं वरचं पद). ही मोठ्या अक्षरांची ओळ तुम्ही बरोबर घेतली आहे. तिच्या खाली बारीक अक्षरांतला जो लेख तुम्ही हौसेने कोरला आहे, तो सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आणि काराकाला यांच्या २०२ सालच्या दुरुस्तीचा. १२६ च्या चित्रात तो येऊच शकत नाही.

घुमटावर तुम्ही शिशाचे पत्रे दाखवले आहेत. ते आठव्या शतकातले. मूळचं आच्छादन सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझच्या कौलांचं होतं. ६६३ साली बायझंटाइन सम्राट दुसरा कॉन्स्टन्स रोमला आला आणि ती काढून घेऊन गेला. दर्शनी स्तंभांच्या मंडपाच्या छताखाली तुमच्याकडे लाकडी कैच्या आहेत. तिथे मूळ ब्राँझच्या तुळया होत्या. पोप आठव्या अर्बनने त्या १६२५ मध्ये उतरवून वितळवल्या, त्यातल्या बऱ्याच धातूच्या तोफा झाल्या. पोप बार्बेरिनी घराण्यातला, म्हणून ‘रानटी टोळ्यांनी जे केलं नाही ते बार्बेरिनींनी केलं’ ही म्हण रोममध्ये तेव्हापासून आहे. आतली वरची पट्टी, म्हणजे खालचे स्तंभ आणि घुमट यांच्यामधला अ‍ॅटिक, तुम्ही आजच्यासारखा मोठ्या चौकटी आणि त्रिकोणी कमानमाथ्यांचा घेतलाय. तो १७४७ चा बदल. १९३० च्या दशकात त्याचा छोटासा भाग जुन्या रेखाटनांच्या आधारे मूळच्यासारखा करून ठेवला आहे. तेवढा तुकडा फोटोंतून शोधा आणि तोच सगळीकडे फिरवा. रफाएलची आणि इटलीच्या राजांची थडगी, वेदी, बाकडी, चौकातलं कारंजं आणि त्यावरचा ओबेलिस्क, सगळं काढा.

हे नको असेल तर दुसरा प्रामाणिक रस्ता आहे: शीर्षक बदला आणि आजचा पँथिऑन दाखवा. त्यात कमीपणा काही नाही, शिवाय प्रत्येक कोपऱ्याचे फोटो मिळतात. पण तुम्हाला १२६ हवंय असं धरून पुढे लिहितो.

आता मापं. तुमच्या फाइलमध्ये रोटुंडाचा, म्हणजे घुमटाखालच्या गोल खोलीचा, आतला व्यास ४३ मीटर आहे आणि मंडपाचे स्तंभ १४ मीटरचे, पण ऑक्युलस, म्हणजे घुमटाच्या माथ्यावरचं गोल भोक, जेमतेम ६ मीटर दिसतं. तीन वेगवेगळ्या चित्रांतून तीन मापं उचलल्याचं हे लक्षण. पँथिऑनची रेखाटनं चिकार आहेत. इटालियन वास्तुकार पॅलाडिओने १५७० मध्ये छापली, फ्रेंच वास्तुकार देगोदे याने १६८२ मध्ये अतिशय बारकाईने मोजून काढली, आणि या शतकात बर्न विद्यापीठाच्या प्रकल्पाने संपूर्ण इमारतीचं लेसर स्कॅन केलं. पण प्रत्येक जण आपापल्या फुटात बोलतो. देगोदेचा फ्रेंच राजफूट साधारण ३२.५ सेंमी, पॅलाडिओचा व्हिचेन्झाचा फूट ३५ ते ३६ सेंमी, आणि ज्यांनी इमारत बांधली त्यांचा रोमन फूट सुमारे २९.६ सेंमी. रेखाटन बॅकग्राउंडला लावून ‘साधारण जुळतंय’ असं म्हणत स्केल ओढलं की दहा-पंधरा टक्क्यांचा घोळ ठरलेला.

माझी पद्धत अशी की फाइलचं एकक मीटरच ठेवायचं, पण शेजारी रोमन फुटांचा तक्ता ठेवायचा. मग इमारत आपणहून बोलायला लागते. मंडपाच्या स्तंभांचे अखंड दगडी दांडे ४० फुटांचे, म्हणजे ११.८ मीटर. तळखडा आणि शीर्ष धरून अख्खा स्तंभ ४८ फूट, म्हणजे १४.२ मीटर, दांडा एकूण उंचीच्या पाच-षष्ठांश असावा हा रोमन कोरिंथियन स्तंभांचा नेहमीचा हिशेब इथे चोख बसतो. दांड्याचा खालचा व्यास ५ फूट, ऑक्युलस ३० फुटांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ९ मीटर. आतल्या स्तंभांच्या मध्यरेषेवरून जाणारं वर्तुळ १५० फूट, म्हणजे ४४.४ मीटर, आणि भिंतीच्या आतल्या पृष्ठभागाचा व्यास सुमारे ४३.३ मीटर. जमिनीपासून ऑक्युलसपर्यंतची उंचीही तितकीच, त्यामुळे आत एक पूर्ण गोल बसतो आणि घुमट त्याचा वरचा अर्धा भाग होतो. ही पाच-सहा मापं पक्की झाली की रेखाटनातली बाकीची मापं त्यांच्यावर ताडून घेता येतात.

मेशकडे, म्हणजे मॉडेलच्या जाळीकडे, येतो. तुम्ही घुमटासाठी ३२ भागांचा तयार स्फिअर (गोल) घेऊन वर सबडिव्हिजन मॉडिफायर, म्हणजे जाळी बारीक करून गुळगुळीत करणारी सोय, लावलाय. ३२ भागांच्या वर्तुळात प्रत्येक बाजू सव्वाचार मीटरची होते आणि मधोमध खरा गोल त्या बाजूपासून १० सेंमी लांब असतो. सबडिव्हिजनने कड गुळगुळीत होते पण आकार आत ओढला जातो, त्यामुळे व्यासही चुकतो. त्यापेक्षा भागांची संख्या इमारतीलाच विचारा. घुमटात कॉफरच्या, म्हणजे खोलगट चौकोनी खणांच्या, ५ रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेत २८ खण. खालच्या भिंतीची रचना मात्र ८ आणि १६ च्या पटीत: ८ भक्कम खांब, त्यांच्यामध्ये दरवाजा आणि ७ मोठे कोनाडे. २८ ने आणि १६ नेही भाग जाणारी सर्वांत लहान संख्या ११२. तिची दुप्पट, २२४, घ्या. प्रत्येक खणाला ८ भाग येतात, भिंतीच्या प्रत्येक सोळाव्या हिश्शाला १४, आणि गोलाईतली चूक २ मिलिमीटरवर येते. सबडिव्हिजन लागतच नाही.

२८ चा आकडा मुद्दाम पुन्हा काढतो, कारण तुमच्या आतल्या रेंडरमध्ये खण ३२ आहेत आणि प्रत्येक खण खालच्या कोनाड्याच्या बरोबर डोक्यावर आलाय. दिसायला नीटनेटकं दिसतं, पण पँथिऑनची गंमतच त्याने जाते. २८ आणि १६ यांची सांगड फक्त चार ठिकाणी, मुख्य दिशांना, बसते. एरवी घुमट खालच्या भिंतीवर रेष जुळवून बसलेला वाटत नाही. मान वर केली की तो स्वतंत्रपणे तरंगतोय असं वाटतं, त्यात या न जुळण्याचा मोठा वाटा आहे. तो बिघाड समजून ‘दुरुस्त’ करू नका.

खण कसा बनवायचा हे जरा सावकाश सांगतो, कारण आतलं अर्धं चित्र त्यानेच भरलेलं असतं. घुमटाची एकच फाक ठेवा, ३६० भागिले २८ अंशांची. ब्लेंडरच्या रकान्यात ३६०/२८ असं टाकलं तरी चालतं, १२.८६ असं ढोबळ करून टाकलंत तर शेवटची फाक पहिलीशी बरोबर जुळत नाही. मध्यभागी एक एम्प्टी, म्हणजे रेंडरमध्ये न दिसणारी खूण, ठेवून तेवढ्या अंशांनी फिरवा आणि अ‍ॅरे मॉडिफायर, म्हणजे एका वस्तूच्या ओळीने प्रती काढणारी सोय, त्याच्याशी जोडा, मर्ज चालू ठेवा. आता फाकेत ५ चेहरे (फेस, म्हणजे मेशचे सपाट तुकडे) आखा. वर जाताना ते लहान होत जातात, आणि पाचव्या रांगेच्या वर ऑक्युलसपर्यंत सपाट, खण नसलेला पट्टा राहतो. तो विसरू नका, तुमच्यात नाही.

प्रत्येक खणाला आत आत जाणाऱ्या पायऱ्या आहेत. या पायऱ्या चारही बाजूंनी सारख्या असाव्यात असं वाटतं, पण तशा नाहीत. खालच्या कडेची पायरी आणि वरच्या कडेची पायरी वेगळ्या आकाराच्या आहेत, कारण त्यांचा रोख गोलाच्या केंद्राकडे नसून खाली जमिनीवर उभ्या माणसाकडे आहे. खण सरळ केंद्राच्या दिशेने खोदले असते तर जमिनीवरून त्यांची खालची कड झाकली गेली असती आणि सगळे खण वर ढकलल्यासारखे दिसले असते. तुमचे तसेच दिसतात. यावर उपाय सोपा आहे. थ्रीडी कर्सर जमिनीच्या मध्यावर, डोळ्याच्या उंचीला ठेवा आणि पिव्हट म्हणून कर्सर निवडा. खणाचा चेहरा इनसेट करा, आणि आत सरकवण्यासाठी नॉर्मलच्या, म्हणजे चेहऱ्याला काटकोनातल्या, दिशेने एक्स्ट्रूड करण्याऐवजी एक्स्ट्रूड करून कर्सरभोवती किंचित स्केल वाढवा. चेहरा बरोबर नजरेच्या रेषेत मागे जातो. मग फक्त तो चेहरा स्वतःच्या मध्याभोवती थोडा लहान करा, म्हणजे पायरीची बाजू दिसायला लागते. पुढच्या पायरीला पुन्हा तेच. एका फाकेवर अर्धा दिवस गेला तरी हरकत नाही, बाकीच्या सत्तावीस फुकट मिळणार आहेत. खणांत सोनेरी ब्राँझची फुलं असतील का, यावर तर्क बरेच झाले आहेत. ती वेगळ्या कलेक्शनमध्ये ठेवा, कारण पुढे लागेल.

बाहेरून घुमट कसा दिसतो, यात तर जवळजवळ प्रत्येक नवशिक्या मॉडेलमध्ये एकच चूक असते: सिलिंडर आणि त्यावर अर्धगोल. पँथिऑन बाहेरून तसा नाही. आतला घुमट साधारण २१.७ मीटरवर सुरू होतो, पण बाहेरची भिंत तिथे न थांबता तिसऱ्या कंगोऱ्यापर्यंत अजून एक मजला चढते. ते वाढीव वजन घुमटाच्या खालच्या भागाला बाहेर फाकू देत नाही. त्याच्या वर ७ पायऱ्यांची वलयं, आणि मग उथळ टोपी. घुमटाची जाडी तळाशी सुमारे ६ मीटर आणि ऑक्युलसपाशी दीड मीटरच्या आत. काँक्रीटमध्ये घातलेला दगडसुद्धा वर जाताना हलका होत जातो: पायात ट्रॅव्हर्टिन, मध्ये तुफा आणि विटांचे तुकडे, माथ्याजवळ प्युमिससारखा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. काप दाखवणारा रेंडर करणार असाल तर हे थर दाखवा, परीक्षक तिथे थांबतील.

स्तंभांवर तुम्ही आडवे सांधे दाखवलेत आणि उभ्या पन्हाळ्या. अथेन्सच्या पार्थेनॉनचे फोटो संदर्भात मिसळले असावेत. पँथिऑनच्या मंडपाचे १६ दांडे अखंड आहेत, गुळगुळीत आहेत, आणि प्रत्येकी सुमारे ६० टन वजनाचे आहेत. समोरच्या ओळीतले ८ करड्या ग्रॅनाइटचे, इजिप्तच्या पूर्वेकडच्या वाळवंटातल्या मॉन्स क्लाउडियानुस खाणीतून आलेले. मागचे ८ आस्वानच्या गुलाबी ग्रॅनाइटचे. आजच्या फोटोत पूर्वेच्या बाजूला हा क्रम बिघडलेला दिसेल, कारण तिथले स्तंभ सतराव्या शतकात बदलले आहेत. त्या शीर्षांवर पोप घराण्यांची चिन्हंसुद्धा कोरली आहेत, बार्बेरिनींची मधमाशी त्यातलीच. फोटोवरून शीर्ष हुबेहूब उतरवताना १२६ च्या चित्रात मधमाशी घुसेल, सांभाळा.

ग्रॅनाइटचं टेक्स्चर तुम्ही इतकं ताणलंय की दाणे मुठीएवढे झाले आहेत. खरा दाणा काही मिलिमीटरचा असतो. दहा मीटरवरून तो वेगळा दिसत नाही, नुसता करडेपणा आणि किंचित चमचम उरते. उलट बारीक टेक्स्चर वारंवार टाइल झालं की स्तंभ स्वयंपाकघराच्या ओट्यासारखा दिसतो. म्हणून दोन थर ठेवा: जवळून दिसेल असा बारीक दाणा, आणि त्यावर दोन-तीन मीटर आकाराचे मंद डाग, रंगात जेमतेम पाच टक्के फरक पाडणारे. दांड्याची बाजू सरळ रेषेत निमुळती करू नका. तिला हलका फुगवटा असतो, म्हणून कर्व्हने प्रोफाइल काढून फिरवून घ्या. आणि दगडाच्या प्रत्येक कडेला ३ ते ८ मिलिमीटरचा बेव्हल, म्हणजे धार मारलेली कड. प्लास्टिकपणाचा मोठा वाटा धारदार कडांचा आहे, टेक्स्चरचा नाही.

कोरिंथियन शीर्षाला घाबरायचं कारण नाही. अ‍ॅकँथसच्या पानांच्या दोन ओळी, प्रत्येक ओळीत ८, वर कोपऱ्यांकडे वळणाऱ्या गुंडाळ्या, आणि बाजूंनी आत वळलेली चौरस पाटी. एक पान नीट शिल्प करा: शेंडा पुढे झुकलेला, कडांना खोल चिरा, पानांच्या झुपक्यांमध्ये थेंबाच्या आकाराची काळी भोकं. लांबून शीर्ष ‘वाचता’ येतं ते या सावलीच्या भोकांमुळे. बाकी सगळं इन्स्टन्स. सोळाच्या सोळा शीर्षं लिंक्ड डुप्लिकेट ठेवा, आणि प्रत्येक शीर्ष एखादा अंश फिरवा, शिवाय डागांना वेगळा सीड (डाग कसे पडतील ते ठरवणारा आकडा) द्या.

बाहेरच्या रोटुंडावर तुम्ही उघडी वीट दाखवली आहे, तीही आजच्या बांधकामातली जाडजूड. रोमन वीट साधारण ३ ते ४ सेंमी जाडीची, लांब आणि चपटी. पण तुम्हाला ती शोधायची गरजच नाही. आज दिसते ती वीट आणि तिच्यातल्या मोठ्या भारवाही कमानी १२६ मध्ये बहुधा गिलाव्याखाली झाकलेल्या होत्या. बिनदागिन्याची, फिकट, कंगोऱ्यांनी तीन पट्ट्यांत विभागलेली भिंत दाखवा.

फरशी तुम्ही घुमटाला साजेशी, केंद्रातून पसरणारी केली आहे. प्रत्यक्षात ती सरळ चौकटींची आहे: चौकोन, आणि चौकोनातलं वर्तुळ, आलटून पालटून, मुख्य अक्षाला समांतर. ट्युनिशियातला पिवळा संगमरवर, आशिया मायनरमधला जांभळ्या शिरांचा पांढरा, इजिप्तचा जांभळा पोर्फिरी आणि करडा ग्रॅनाइट. गोल खोलीत सरळ जाळी घातल्यामुळे भिंतीशी तुकडे अर्धवट कापले जातात, ते कापलेलेच ठेवा. शिवाय फरशी सपाट नाही, मध्याकडे किंचित फुगीर आहे आणि तिला बारीक जलद्वारं आहेत, कारण ऑक्युलसला काच कधीच नव्हती आणि पाऊस थेट आत पडतो. हा फुगवटा मेशमध्ये घातला की प्रतिबिंबं आपोआप थोडी वाकतात आणि आरशासारखी फरशी दगडाची वाटू लागते. रफनेस, म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, सगळीकडे एकच नको: पोर्फिरी जास्त चकाकतो, वर्दळीच्या वाटेवर चमक मरते.

आणि आता ऊन, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. आतल्या दोन्ही रेंडरमध्ये तुम्ही भिंतींजवळ एरिया लाइट लपवले आहेत. ते काढा. या खोलीत प्रकाश येतो फक्त दोन वाटांनी, ऑक्युलस आणि उत्तरेचा दरवाजा. सूर्य हाताने फिरवण्याऐवजी सन पोझिशन अ‍ॅड-ऑनला अक्षांश ४१.९० उत्तर, रेखांश १२.४८ पूर्व द्या. दरवाजा उत्तरेला आहे, पण इमारतीचा अक्ष नेमका उत्तर-दक्षिण नाही, काही अंश सरकलेला आहे. उपग्रह नकाशावर मोजून मॉडेल तेवढं फिरवा. वेळेतही फसगत होते. रोम स्वतःच्या प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे एप्रिलात खरी माध्यान्ह घड्याळात १२ वाजून ९ मिनिटांच्या सुमारास होते, आणि उन्हाळी वेळ चालू असेल तर १ वाजून ९ मिनिटांनी. उन्हाळी वेळेच्या चौकटीवर नकळत खूण राहिली की सूर्य तासाभराच्या अंतराने भलतीकडे.

सगळं बरोबर बसलंय का हे तपासायला ही इमारत स्वतःच कसोटी देते. विषुवदिनी माध्यान्हीला रोममध्ये सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. गणित केलंत तर उन्हाचा गोळा दरवाजाच्या वर, जिथे घुमट आणि भिंत मिळतात त्या कंगोऱ्यावर, थोडा वर आणि बराचसा खाली पडतो. हिवाळ्यात २१ डिसेंबरला सूर्य २५ अंशांच्या आतच राहतो, आणि ऊन घुमटाच्या खणांतून खाली उतरतच नाही. जूनच्या अखेरच्या आठवड्यात ते फरशीवर, मध्यापासून साधारण साडेचौदा मीटर उत्तरेला येतं. आणि २१ एप्रिलला, म्हणजे रोमकर ज्या दिवशी शहराचा स्थापनादिन साजरा करत त्या दिवशी, माध्यान्हीचं ऊन बरोबर दरवाजात पडतं. रॉबर्ट हॅना आणि जुलिओ माग्ली या अभ्यासकांनी यावर सविस्तर लिहिलंय: त्या क्षणी सम्राट दारात उभा राहिला तर तो उजेडात न्हालेला दिसेल, असा त्यांचा तर्क. तो मान्य करा किंवा करू नका, पण तुमच्या मॉडेलमध्ये २१ एप्रिलला ऊन दरवाजात पडत नसेल तर ऑक्युलसचा व्यास, घुमटाची उंची किंवा उत्तर दिशा यांपैकी काहीतरी चुकलं आहे. तुमच्या ६ मीटरच्या ऑक्युलसने पडणारा गोळा तर नक्कीच लहान येईल. दुसऱ्या शतकातल्या ज्युलियन तारखेचा आजच्या तारखेशी फरक जेमतेम एका दिवसाचा आहे, त्याची काळजी नको.

त्या उन्हाच्या गोळ्याची कड बघा. तुमच्यात ती ब्लेडने कापल्यासारखी आहे. सूर्य बिंदू नाही, त्याची रुंदी आकाशात अर्ध्या अंशाहून थोडी जास्त आहे, आणि ऑक्युलसपासून फरशीपर्यंत किंवा दरवाजापर्यंत ४३ ते ४५ मीटरचा प्रवास. तेवढ्या अंतरावर कड सुमारे ४० सेंमी पसरते. ब्लेंडरच्या सन लॅम्पचा अँगल मुळात ०.५३ अंशाच्या जवळच असतो. कुणी तरी तो शून्य केलेला दिसतोय, बहुधा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून सीन आणताना. एवढा एक आकडा परत भरा आणि रेंडर पुन्हा काढा. खोलीचं आकारमान अचानक डोळ्यांत भरेल, कारण मऊ कड बघितल्यावर अंतर मोठं आहे हे मेंदूला न सांगता कळतं.

बाकी सेटिंग पटकन. सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये, डिफ्यूज बाउन्स (उजेड किती वेळा उसळतो तो आकडा) मुळात ४ असतात, इथे १० पर्यंत न्या, कारण घुमटाला मिळणारा बहुतेक उजेड फरशीवरून आणि भिंतीवरून उसळून आलेला असतो. पिवळ्या संगमरवराची ऊब छताला चढते ती यातूनच. ऑक्युलसवर एरिया लाइट पोर्टल म्हणून ठेवा, रेंडरमधले ठिपक्यांसारखे दाणे कमी होतील. व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग पडद्यावर कसे उतरवायचे ती निवड) एजीएक्स, आणि एक्स्पोजर सावलीसाठी लावा. उन्हाचा गोळा थोडा फुटला तर फुटू द्या, तिथे उभं राहिलं तर डोळ्यांनाही तसंच होतं. हवेतली धूळ दाखवायचा मोह प्रत्येकाला होतो. प्रकाशाचा झोत मोजक्या एका चित्रात ठेवा, आणि तोही इतका मंद की पलीकडचे खण त्यातून दिसले पाहिजेत.

बाहेरचा कॅमेरा कुठे ठेवायचा हे मात्र मनापासून सांगावंसं वाटतं. तुमचे दोन्ही बाहेरचे रेंडर ड्रोनच्या उंचीवरून आहेत, कारण तिथूनच घुमट छान दिसतो. हेड्रियनच्या काळात तिथे कुणी नव्हतं. तेव्हा उत्तरेला स्तंभांच्या ओळींनी वेढलेलं लांबट प्रांगण होतं, जमीन आजच्यापेक्षा बरीच खाली होती, आणि मंडपाला पायऱ्या चढून जावं लागे. प्रांगणातून चालत येणाऱ्याला समोर नेहमीचं रोमन देऊळ दिसे: आठ स्तंभ, त्रिकोणी माथा, बस. घुमट मंडपामागे दडलेला असे. आत पाऊल टाकेपर्यंत मागे ४३ मीटरची गोल खोली आहे याचा पत्ता लागत नसे. हे दोन कॅमेऱ्यांत सांगता येतं, दीड मीटर उंचीचा एक प्रांगणात आणि एक दाराच्या आत दहा पावलांवर, तेही एकाच फोकल लेंग्थने. घुमट पूर्ण दिसावा म्हणून आतला कॅमेरा १२ मिलिमीटरवर नेऊ नका, त्याने खोली आणखी मोठी दिसण्याऐवजी बाहुलीघरासारखी होते. २४ ठेवा आणि कॅमेरा वर झुकवा. प्रांगणाच्या लांबीवर अभ्यासकांचं एकमत नाही, तेव्हा कॅमेरा असा लावा की दोन्ही बाजूंचे स्तंभ चौकटीबाहेर निघून जातील आणि शेवट दाखवायची वेळच येणार नाही.

एकमत नसलेल्या बाकी गोष्टींचं काय? त्रिकोणी माथ्यावर ब्राँझचं काही तरी बसवलेलं होतं, हे तिथल्या भोकांवरून कळतं. पुष्पचक्र आणि गरुड असावा हा अंदाज. खणांतली फुलं हाही अंदाज, अ‍ॅटिकचे रंग काही अंशी माहीत, स्तंभांची मापं पक्की. प्रत्येक वस्तूच्या नावापुढे एक अक्षर जोडा: ‘प’ म्हणजे आज उभं आहे आणि मोजलेलं आहे, ‘स’ म्हणजे जुन्या रेखाटनांतून किंवा लेखांतून साधार, ‘अ’ म्हणजे अंदाज. वारसास्थळांच्या डिजिटल चित्रणासाठी लंडन चार्टर नावाची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या २००९ च्या आवृत्तीत याच गोष्टीचा आग्रह आहे, ते त्या नोंदींना पॅराडेटा म्हणतात. नावं अशी ठेवली की व्ह्यू लेयरला एक मटेरियल ओव्हरराइड लावून तेच दृश्य तीन सपाट रंगांत काढायला फारसा वेळ लागत नाही. पोर्टफोलिओच्या पानावर डावीकडे दरवाजात ऊन पडलेलं २१ एप्रिलचं चित्र आणि उजवीकडे तेच तीन रंगांत. मुलाखतीत लोक उजव्या चित्रावर बोट ठेवून प्रश्न विचारतील, आणि अशा वेळी गरुडाच्या पंखांपेक्षा तुम्हाला त्याच्या भोकांबद्दल जास्त बोलता आलं पाहिजे.

एक फाक नव्याने बनवलीत की वायरफ्रेमसकट टाका. खणाच्या खालच्या पायऱ्यांचा रोख बरोबर आलाय का ते पाहून पुढचं सांगतो.